मेणवलीचा वाडा आणि चरणपूरचा घाट

वाईपासून कोसभर अंतरावर कृष्णाकाठी वसलेल्या मेणवलीचे नाव आज ज्यांच्या तोंडी ऐकू येते, त्यांपैकी पुष्कळांनी ते गाव प्रथम पाहिले ते पडद्यावर. २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटातील चरणपूर येथेच चित्रित झाले. कथेतील चरणपूर उत्तर प्रदेशातले. घाट मात्र नाना फडणविसांचा. त्यापूर्वी ‘मृत्युदंड’ (१९९७) आणि ‘गंगाजल’ (२००३) या चित्रपटांसाठी वाईच्या परिसराने बिहारचेही सोंग घेतले होते.

आम्ही सहकुटुंब मेणवलीस गेलो तेव्हा मुलांनी घाट लांबूनच ओळखला आणि ‘हे तर चरणपूर!’ म्हणून पायऱ्यांकडे धाव घेतली. आमच्या वडील आत्याबाईंनी चित्रपट पाहिला नव्हता, त्यांनी विचारले, “येथला देव कोणता?” घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे अशी दोन देवालये आहेत. तेव्हा आधी दर्शन, मग वाडा, असा क्रम ठरला आणि तो योग्यच होता. कारण नानांनीही घर, घाट व देव यांची योजना एकत्रच केली होती.

मेणवली नानांकडे आली ती १७६८ साली. औंधचे पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे मंत्री यांनी हा गाव त्यांना दिला. मूळचे कोकणातल्या वेळासचे हे भानू घराणे अशा रीतीने कृष्णेकाठी आले. पानिपतावर १७६१ साली नाना स्वतः वाचले, पण मातोश्री तेथेच अंतरल्या. त्या वेळी ते पुरते वीस वर्षांचेही नव्हते. सहा चौकांचा हा वाडा त्यांच्या स्वभावास साजेसा आहे: दर्शनी भपका थोडा, आतली व्यवस्था फार. भिंतींवरील रंगचित्रे पुसट झाली आहेत, तरी ती पाहण्यासाठी घटकाभर थांबावे.

मेणेश्वराजवळची घंटा मात्र आमच्या गोमंतकीय वाचकांनी अवश्य पाहावी. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूस घेतलेल्या मेरीमातेची आकृती आहे. चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतल्यावर तेथील ज्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ही एक. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर व भीमाशंकर येथेही अशा घंटा आहेत. ज्यांच्या पूर्वजांना १५६० च्या सुमारास श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास न्यावा लागला, त्यांच्या मनात ही घंटा पाहून काय येईल ते सांगावयास नको. तथापि विजयाची खूण म्हणून आणलेल्या या घंटेवरील मातेच्या आकृतीवर कोणी छिन्नी चालविली नाही, हेही आम्हांस तितकेच मोलाचे वाटते. आत्याबाईंनी तिला हात जोडले ते कोणालाही न विचारता.

चित्रपटवाल्यांनी येथे यावे. त्यास आमची हरकत नाही. मराठेशाहीची इतकी अखंड वास्तू उभी आहे, म्हणूनच ते येतात. दुखते ते एवढेच, की पडद्यावर गावाचे नाव पुसले जाते आणि पाहुणा ते पुसलेले नाव मनात घेऊनच येथे येतो. याच वाड्यातील कागदपत्रे, म्हणजे मेणवली दप्तर, द. ब. पारसनिसांनी उजेडात आणली आणि उत्तर पेशवाईच्या इतिहासाला त्यांचा मोठा आधार मिळाला. हे मुलांना तेथेच, ओसरीवर बसवून, सांगितले पाहिजे.

आणि जिऊबाईंचेही सांगावे. १३ मार्च १८०० रोजी नाना पुण्यास वारले, तेव्हा त्यांची ही पत्नी अवघी नऊ-दहा वर्षांची होती. दुसऱ्या बाजीरावाची वक्रदृष्टी चुकवीत तिने काही काळ लोहगडाचा आश्रय घेतला. पेशवाई बुडाल्यावर ती मेणवलीस येऊन राहिली. तिची कथा कोणी चित्रित करील, तर त्याला गावाचे नाव बदलावे लागणार नाही.