विद्यार्थी संशोधन परिषद (राज्यशास्त्र)

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपले शोधनिबंध जाणकारांपुढे मांडण्याची सभा. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात १९२० मध्ये स्थापन झालेली ‘पाय सिग्मा अल्फा’ ही गुणवंत विद्यार्थ्यांची संघटना वॉशिंग्टनमध्ये अशी परिषद भरवते. शिकागोत भरणाऱ्या मिडवेस्ट राज्यशास्त्र संघटनेच्या परिषदेत पदवीचे विद्यार्थी भित्तिपत्रकाशेजारी उभे राहून प्रश्नांना तोंड देतात. कच्च्या संशोधनाला व्यासपीठ कशाला, प्रमाणपत्रांचीच भर पडते, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण निबंध आधी वाचून आलेला भाष्यकार ‘या निष्कर्षाला पुरावा कोणता?’ असे विचारतो, तेव्हा मतदानाची आकडेवारी जमवणे आणि तिच्यातून कार्यकारणभाव सिद्ध करणे यांतला फरक चारचौघांत उमगतो. परीक्षेत हे साधत नाही. तिथे उत्तर तपासले जाते, प्रश्न नव्हे. भाष्यकाराविना निबंध उरकणाऱ्या परिषदांना मात्र तो आक्षेप तंतोतंत लागू पडतो.