इ. स. १८४३ : मुंबईतील स्कॉटिश मिशनच्या शाळेतील विद्यार्थिजीवनाचे एक वर्ष

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या शैक्षणिक इतिहासात मिशनरी शाळांचा उल्लेख दोन अंगांनी होतो. एक, इंग्रजी शिक्षणाचा प्रसार करणाऱ्या संस्था म्हणून आणि दुसरे, धर्मांतराची केंद्रे म्हणून. या दोन्ही मांडणींमध्ये विद्यार्थी हा घटक बहुधा मागे राहतो. त्याचे शाळेत येणे, शाळेतून काढले जाणे, घर आणि शाळा यांच्यामध्ये होणारी त्याची ओढाताण यांकडे स्वतंत्रपणे पाहिले जात नाही. प्रस्तुत लेखात स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेतील इ. स. १८४३ या एका वर्षाचा विचार केला आहे. हे वर्ष निवडण्याचे कारण असे की, विद्यार्थ्यावर अंतिम अधिकार कोणाचा, हा प्रश्न या वर्षी शिक्षक, पिता, न्यायालय आणि ज्ञाती या चौघांसमोर एकाच वेळी उभा राहिला.

शाळेची पार्श्वभूमी

डॉ. जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन हे १८२९ मध्ये मुंबईत आले. मराठीचा अभ्यास करून त्यांनी आरंभी देशी भाषांतील शाळा काढल्या. मुलींच्या शाळांचे काम मार्गारेट विल्सन यांनी १८३५ मधील आपल्या निधनापर्यंत पाहिले. १८३२ मध्ये गिरगावातील आंब्रोली येथे इंग्रजी शाळा सुरू झाली. त्याच वर्षी ६ जानेवारीस बाळशास्त्री जांभेकर यांचे 'दर्पण' निघाले होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे इंग्रजी विद्येविषयी मुंबईत निर्माण झालेल्या ओढीची कल्पना येते. पुढे मिशनचा कारभार चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जनरल असेंब्लीकडे गेला आणि शाळा 'जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन' या नावाने ओळखली जाऊ लागली. आजच्या विल्सन महाविद्यालयाचे मूळ याच शाळेत आहे.

शहरातील दुसरी मोठी संस्था म्हणजे १८४० मध्ये आकारास आलेली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. तेथे सरकारी धोरणानुसार धर्मशिक्षण दिले जात नसे. मिशनच्या शाळेत मात्र इंग्रजी, गणित, भूगोल, इतिहास यांबरोबर बायबलचे अध्ययन हा शिक्षणाचा गाभा होता. पालकांना याची पूर्ण जाणीव होती. तरीही ते मुलांना पाठवीत, कारण इंग्रजी जाणणाऱ्यास कचेरीत आणि व्यापारी पेढीवर स्थान मिळत होते. मुलाने विद्या घ्यावी, धर्म घेऊ नये, अशी ही पालकांची न बोललेली अट होती.

विद्यार्थ्याचे दुहेरी जीवन

या अटीचा भार प्रत्यक्षात विद्यार्थ्यावर पडत असे. वर्गात वेगवेगळ्या जातींची आणि धर्मांची मुले एकत्र बसत. तेथे प्रश्न विचारणे, वाद करणे, पुरावा मागणे यांस उत्तेजन मिळे. घरी परतल्यावर मात्र सोवळेओवळे, पंक्तीचे नियम आणि वडीलधाऱ्यांचा शब्द यांना प्रमाण मानावे लागे. मिशनऱ्याच्या मुखातून धर्मावरील टीका ऐकल्याने जात जात नसे, परंतु त्याच्या घरी अन्न घेतल्याने ती जात असे. म्हणजे शाळा आणि घर यांमधील सीमा विचारांपेक्षा अन्नाने आखलेली होती. पुढील घटनांचा अर्थ लावताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

ही सीमा ओलांडली गेल्यास काय होते, याचा अनुभव शाळेने १८३९ मध्ये घेतला होता. त्या वर्षी मे महिन्यात धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाईंच्या नातेवाइकांनी सुप्रीम कोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. तथापि सोळा-सतरा वर्षांच्या धनजीभाईंना आपला निर्णय आपण घेण्याची मोकळीक मिळाली. परिणामी पालकांनी मोठ्या संख्येने मुले काढून घेतली. शाळेस ही पटसंख्या पुन्हा मिळविण्यास वेळ लागला.

१८४३ : मुख्याध्यापकाविना शाळा

१८४३ च्या आरंभी डॉ. विल्सन रजेवर स्वदेशी निघाले. धनजीभाई त्यांच्यासोबत होते. शाळेचा भार रॉबर्ट नेस्बिट आणि जे. मरे मिचेल यांच्यावर आला. नेस्बिट १८२७ पासून या प्रांतात होते आणि मराठीवरील प्रभुत्वासाठी त्यांची ख्याती होती.

याच वर्षी १८ मे रोजी एडिंबरो येथे चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये फूट पडली आणि फ्री चर्चची स्थापना झाली. मुंबईतील मिशनऱ्यांनी फ्री चर्चची बाजू घेतली. त्यामुळे इमारत, ग्रंथसंग्रह आणि शिक्षणसाहित्य यांवरील त्यांचा हक्क संपुष्टात आला. हजारो कोस दूरच्या चर्चमधील वादामुळे गिरगाव-फोर्टातील मुलांच्या शाळेवर छप्पर बदलण्याची वेळ आली. शिक्षक तेच राहिले. इमारत मात्र सुटली. या शाळेस खेतवाडीत स्वतःची नवी वास्तू मिळण्यास १८५५ साल उजाडावे लागले.

शेषाद्री बंधूंचे प्रकरण

या अस्थिर परिस्थितीत सप्टेंबर १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. नारायण वयात आलेला असल्याने त्याच्या निर्णयास कायद्याची अडचण नव्हती. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा त्याच शाळेत शिकत होता. त्याचे वय सुमारे बारा वर्षांचे होते. तोही घर सोडून मिशनऱ्यांच्या आश्रयास गेला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, परंतु मिशनऱ्यांच्या घरी राहून त्याने तेथील अन्न घेतले होते.

पित्याने सुप्रीम कोर्टात धाव घेतली. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर प्रकरण चालले. एवढ्या वयाच्या मुलास स्वतःचे हित ठरविण्याची समज असल्याचे न मानता त्यास पित्याच्या स्वाधीन करण्यात आले. १८३९ आणि १८४३ या दोन निर्णयांमध्ये धर्माच्या खरेखोटेपणाची चर्चा निर्णायक ठरली नाही. निर्णायक ठरले ते वय. पंधरा वर्षांच्या आतबाहेरील चार-पाच वर्षांचे अंतर एका विद्यार्थ्यास स्वतंत्र व्यक्ती आणि दुसऱ्यास पित्याच्या ताब्यातील मूल ठरविण्यास पुरेसे झाले.

घरी परतण्याचा प्रश्न

न्यायालयाने श्रीपतास पित्याकडे दिले, पण ज्ञातीकडे देणे न्यायालयाच्या हाती नव्हते. जात गेलेल्या मुलास घरात घेणे म्हणजे साऱ्या कुटुंबाने बहिष्कार ओढवून घेणे होते. येथे बाळशास्त्री जांभेकर पुढे आले. अजाण वयात घडलेल्या कृत्यास प्रायश्चित्त आहे, ते देऊन मुलास पुन्हा ज्ञातीत घ्यावे, असा पक्ष त्यांनी धरला. सनातनी मंडळींनी त्यास तीव्र विरोध केला. श्रीपतास साह्य करणाऱ्यांवरही बहिष्काराची टांगती तलवार राहिली. बाळशास्त्री स्वतः एल्फिन्स्टनमधील अध्यापक आणि संस्कृतज्ञ असल्याने त्यांनी शास्त्राच्याच आधाराने हा वाद केला, हे विशेष होय. शुद्धीकरणाच्या पुढील काळातील चर्चेत या प्रकरणाचा दाखला वारंवार दिला गेला. परंतु मूळ प्रश्न एका शाळकरी मुलाने रात्री जेवावे कोठे, हा होता.

दोघा भावांच्या वाटा येथे कायमच्या वेगळ्या झाल्या. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी पुढे निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली आणि तेथे प्रामुख्याने दलित समाजात कार्य केले. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

समारोप

१८४३ या वर्षाकडे विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले असता तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मिशनच्या शाळेत पालक आणि मिशनरी या दोघांचे हेतू परस्परविरोधी होते आणि ते दोघांनाही ठाऊक होते. शाळा चालली ती या समजुतीवरच. दुसरी, हा विरोध उघड झाल्यावर त्याचा निर्णय शाळेत न होता न्यायालयात आणि ज्ञातीत झाला. तिसरी, बारा वर्षांच्या श्रीपताविषयी शिक्षकांनी, पित्याने, न्यायाधीशांनी आणि शास्त्र्यांनी आपापली भूमिका मांडली, पण त्याच्या स्वतःच्या इच्छेस कोठेही निर्णायक स्थान मिळाले नाही.

तथापि अशा प्रकरणांनंतरही मुले मिशनच्या शाळांत येतच राहिली. जोतीराव फुले याच काळात, १८४१ ते १८४७ दरम्यान, पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते. त्यांनी धर्मांतर केले नाही, पण तेथे लागलेली प्रश्न विचारण्याची सवय समाजाकडे वळविली. बाबा पदमनजी मुंबईत फ्री चर्चच्या याच शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. एकाच प्रकारच्या शिक्षणातून निघालेल्या या भिन्न वाटा पाहता, मिशनरी शाळेचे मूल्यमापन केवळ धर्मांतरांच्या संख्येवरून करणे अपुरे ठरते. तेथे शिकलेल्या मुलांस कोणती किंमत मोजावी लागली आणि ती त्यांच्या वतीने कोणी ठरविली, याचाही हिशेब इतिहासाने ठेवावयास हवा.