वातायन ते थ्री-ट्रॅक: घरातल्या खिडक्या एकसारख्या कशा झाल्या?

आजच्या भागाचा विषय आहे खिडक्या. लॅपटॉपवरच्या नाही, भिंतीतल्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय.

सुरुवात दोन शब्दांपासून करू. खिडकीला संस्कृतात वातायन म्हणतात. वात म्हणजे वारा आणि अयन म्हणजे जाण्याची वाट. दुसरा शब्द गवाक्ष, म्हणजे शब्दशः बैलाचा डोळा. एक शब्द वाऱ्याचा, दुसरा नजरेचा. गंमत बघा, इंग्रजीतला 'विंडो' हा शब्दसुद्धा जुन्या नॉर्स भाषेतल्या 'वाऱ्याचा डोळा' अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय. एकमेकींपासून हजारो मैल लांब असलेल्या भाषांना खिडकी म्हटल्यावर वारा आणि डोळा सुचला. काच कुणालाच सुचली नाही.

आज आपण घरातल्या खिडक्या बदलायला काढल्या की पहिली चर्चा होते ती काचेच्या रंगाची आणि फ्रेमच्या फिनिशची. वाऱ्याचा विषयच निघत नाही. पूर्वी खोलीचं काम काय, यावरून तिची खिडकी ठरायची. आता सगळ्या खोल्यांना एकच डिफॉल्ट सेटिंग आहे. हे कसं झालं आणि त्याची किंमत कोण मोजतंय, ते बघू.

वाडा, माळवद आणि शिंपले

पुण्यातला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्याच्या बाजूला खालच्या मजल्यावर खिडक्या कमी, लहान आणि उंचावर. कारण सरळ आहे, सुरक्षितता. मग उजेड कुठून यायचा? मधल्या चौकातून. खोल्या चौकाकडे तोंड करून असायच्या. वरच्या मजल्यावर मात्र रस्त्याकडे बघणारे लाकडी सज्जे आणि कोरीव खिडक्या. पुण्यात विश्रामबाग वाड्यासमोर उभं राहिलात की हा भाग लगेच दिसेल. खालची खिडकी चोराचा विचार करून केलेली आणि वरची मिरवणूक बघण्यासाठी.

आता सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात चला. तिथे माळवदाची घरं. मातीच्या जाड भिंती, सपाट मातीचं छप्पर, ऊन भाजून काढणारं. भिंतीला मोठं भोक पाडलं तर दुपारची झळ सरळ घरात. म्हणून भोक छताला. कुठे त्याला सानं म्हणतात, कुठे सवणं. वरून उजेड येतो, चुलीचा धूर वर जातो आणि पाऊस आला की त्यावर झाकण ठेवायचं. कोकणात ऊन कमी, पाऊस भरपूर. तिथे धूर कौलांच्या फटींतून निघून जातो आणि अंधाऱ्या माजघरावर एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. खोलीत उजेड पडतो, पाणी मात्र येत नाही.

गोव्यात तर आणखी वेगळी युक्ती. तिथल्या जुन्या घरांत आणि चर्चमध्ये काचेच्या जागी शिंपले बसवलेल्या खिडक्या आजही दिसतात. प्लॅक्युना प्लॅसेंटा नावाच्या सपाट, पातळ शिंपल्याचे तुकडे लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत सरकवायचे. काच महाग आणि लांबून येणारी, शिंपले समोरच्या खाडीत. उजेड आत येतो पण डोळ्यांना टोचत नाही, आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. आज आपण ज्याला फ्रॉस्टेड ग्लास म्हणतो, ते काम तिथे समुद्राने करून दिलं होतं.

म्हणजे एकाच मराठी-कोकणी पट्ट्यात चोरासाठी, धुरासाठी, पावसासाठी आणि नजरेसाठी खिडकीचे वेगवेगळे प्रकार होते.

प्लेग आणि ६३ अंशांचा नियम

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत लोक शहर सोडून पळत होते. दाणाबंदरच्या परिसरातली घरं म्हणजे दाटीवाटीच्या चाळी. आतल्या खोल्यांना बाहेरची भिंतच नाही, त्यामुळे खिडकीही नाही. रोग कोंदट हवेतून आणि घाणीतून पसरतो असं तेव्हा अनेक अधिकाऱ्यांना वाटत होतं. घरं धुतली गेली, चुना लावला गेला, काही घरांची तर कौलं काढून टाकली, का तर ऊन आत यावं म्हणून.

१८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या कामातून एक नियम पुढे आला: साडेत्रेसष्ट अंशांचा. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत रेषा ओढली तर तिचा जमिनीशी कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नसावा. बारावीचं त्रिकोणमिती आठवतंय? या कोनाचा टॅन जवळजवळ २ येतो. म्हणजे समोरची इमारत ६० फूट उंच असेल तर मध्ये किमान ३० फूट मोकळी जागा हवी. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांतल्या उजेड आणि हवेवर एक अख्खं व्याख्यान दिलं होतं. दादर-माटुंग्याच्या जुन्या वस्त्यांत आजही दोन इमारतींमध्ये आभाळ दिसतं, ते याच विचारामुळे.

यातली गोम अशी की हा प्लेग मुख्यतः हवेतून पसरत नव्हता. १८९८ मध्येच पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदरांवरच्या पिसवांचा संबंध दाखवला होता. खिडकी उघडी ठेवून पिसू थांबत नाही. शिवाय ट्रस्टने पाडली तितकी घरं बांधली नाहीत, त्यामुळे गरिबांची गर्दी शेजारच्या गल्लीत सरकली, हेही खरं. पण उजेड आणि खेळती हवा यांचा खरा उपयोग होतो क्षयरोगासाठी, कारण तो कोंडलेल्या हवेतूनच पसरतो. आमच्या भाषेत सांगायचं तर एका बगसाठी लिहिलेला पॅच दुसऱ्याच बगला लागू पडला.

१९३०च्या दशकात मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानासमोर आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या, ज्यांना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. त्यांच्या खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे आहेत. दिसायला स्टाइल, पण काम ऊन आणि पाऊस अडवण्याचं. छज्जा असला की जुलैमध्येही खिडकी उघडी ठेवता येते. त्या काळातल्या अनेक घरांत खिडकीच्या वर वेगळा छोटा झरोका असायचा, व्हेंटिलेटर. गरम हवा वर चढते आणि तिथून बाहेर पडते. जुन्या चाळींतल्या काही खिडक्यांना तर वरची दारं वेगळी आणि खालची वेगळी. रात्री खालची लावायची आणि वरची उघडी ठेवायची. आडोसाही राहतो, हवाही येते.

स्लायडिंगचं राज्य

मग ॲल्युमिनियम आलं. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये पिल्किंग्टन कंपनीने फ्लोट काचेचं तंत्र जाहीर केलं. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगवायची की ती आरशासारखी सपाट होते. भारतात असे कारखाने १९९०च्या दशकात सुरू झाले, त्यातला एक आपल्या तळोज्याचा. मोठी सपाट काच सहज मिळू लागली. दुसरीकडे सागवान महागलं होतं आणि पावसात लाकडी दारं फुगून बसत होती.

स्लायडिंग जिंकली त्याला खरी कारणं आहेत. ती आत-बाहेर जागा खात नाही. बाहेर ग्रिल असलं तरी उघडते. मच्छरजाळी बसवता येते. वाऱ्याने आपटत नाही. बिल्डरला एकच सेक्शन घेऊन अख्खी बिल्डिंग उरकता येते. कोणी मूर्ख म्हणून ती लावली नाही.

पण आमच्या डोंबिवलीच्या घराच्या खिडक्या बदलायच्या होत्या तेव्हा फॅब्रिकेटरने कोटेशन दिलं: सहा खिडक्या, सहाही थ्री-ट्रॅक स्लायडिंग. आईने विचारलं, "बाथरूमला पण?" तो म्हणाला, "काकू, हल्ली सगळे हेच लावतात." माझ्या आजीला दमा आहे, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न दिसण्याचा नव्हता, श्वासाचा होता. मी गणित करायला बसलो.

राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते की दमट-उष्ण हवामानात खिडक्या आणि झरोक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या किमान एक षष्ठांश असावं. १० बाय १२ची खोली, म्हणजे १२० चौरस फूट. तिचा सहावा भाग २० चौरस फूट. ५ बाय ४ची खिडकी बसवली की कागदावर नियम पूर्ण. पण दोन काचांच्या स्लायडिंगमध्ये एक काच नेहमी दुसरीच्या मागे उभी असते. उघडतात फक्त १० चौरस फूट. थ्री-ट्रॅकमधला तिसरा ट्रॅक जाळीचा असेल तरीही तेवढेच. बिजागरीवरची, म्हणजे फॅब्रिकेटर जिला 'ओपनेबल' म्हणतात ती खिडकी, जवळजवळ पूर्ण उघडते.

२०१८ मध्ये केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. त्यात हा फरक स्पष्ट मोजलाय: ओपनेबल खिडकी ९० टक्के, दोन काचांची स्लायडिंग ५० टक्के. दमट-उष्ण हवामानासाठी प्रमाण तेच एक षष्ठांश, पण भिंतीतल्या भोकाचं नाही, उघडणाऱ्या भागाचं.

गोवंडीचा धडा

त्याच २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांचा गोवंडी-मानखुर्द भागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवे लावावे लागतात. तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. तिसऱ्या, पीएमजीपी कॉलनीत, इमारतींमध्ये मोकळी जागा जास्त आहे आणि रुग्णांचं प्रमाण बरंच कमी. शंभर वर्षांपूर्वी याच शहराने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लिहिला होता. तो विसरल्याची किंमत आज खालच्या मजल्यावर राहणारी माणसं फुप्फुसांनी मोजतायत.

समोरची इमारत आपण हलवू शकत नाही. पण आपल्या भिंतीतलं भोक किती उघडेल, हे खिडकी बदलताना आपल्या हातात असतं.

मग कुठल्या खोलीला काय?

हॉल: इथे स्लायडिंग चालते. भोक मोठं असतं, बहुतेकदा बाल्कनीचा दरवाजाही असतो, त्यामुळे निम्मं उघडलं तरी पुरतं. फक्त जुना व्हेंटिलेटर बुजवू नका.

बेडरूम: आपण सलग सात-आठ तास एकाच हवेत असतो ती ही खोली. इथे ओपनेबल घ्या. जमल्यास चाळीतल्यासारखे वर-खाली वेगळे भाग करून घ्या. आजी-आजोबांची खोली असेल तर खालची चौकट कमी उंचीवर ठेवा, म्हणजे पलंगावरून रस्ता दिसतो. लहान मूल असेल तर ग्रिल हवंच, पण त्याचा एक भाग कुलपाने उघडणारा ठेवा. आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट असते.

स्वयंपाकघर: वाफ आणि फोडणीचा धूर वर जातो, म्हणून वरचा भाग उघडा हवा. पण सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून खालीही हवेला वाट हवी. ओट्यामागची खिडकी आत उघडणारी घेऊ नका, नळाला अडकते.

बाथरूम: काचेच्या पट्ट्यांची, म्हणजे लूव्हरची, किंवा वर बिजागरी असलेली टॉप-हंग खिडकी. पाऊस असला तरी उघडी राहते आणि आडोसाही राहतो. गॅस गीझर असेल तर तो बाथरूमबाहेरच हवा. बंद बाथरूममध्ये साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

पश्चिमेची खिडकी: आधी छज्जा, मग काच. छज्जा नसेल तर कितीही महाग खिडकी लावा, पावसाळ्याचे चार महिने ती बंदच राहणार.

आता तुमच्यासाठी एक काम. फोनमध्ये कोन मोजणारं ॲप असतंच. खिडकीखाली भिंतीपाशी फोन जमिनीजवळ धरा आणि समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रोखा. भिंत मध्ये येत असेल तर खिडकीच्या चौकटीवरूनच मोजा. आकडा ६३च्या वर आला तर १९१२ च्या ऑरसाहेबांनी तुमची खोली नापास केली असती. मग त्या खोलीची खिडकी निवडताना फॅब्रिकेटरला एकच प्रश्न विचारा: ही उघडल्यावर किती चौरस फूट मोकळी होते?

तुमचा आकडा आम्हाला कळवा. पुढच्या भागात छपरावर चढू, कौलांच्या गोष्टीसाठी. तोपर्यंत खिडकी उघडी ठेवा!