मालेरकोटला संस्थान

फाळणीच्या काळात शीख-मुस्लिम हिंसाचारापासून बहुतांशी अलिप्त राहिलेले, अफगाण नवाबांच्या अमलाखालील पूर्व पंजाबातील एक संस्थान. पंधराव्या शतकात शेख सद्रुद्दीन या सूफी पुरुषाने स्थापिलेल्या या वसाहतीस १८०९ पासून इंग्रजांचे संरक्षण लाभले. गुरू गोविंदसिंगांचे (पहा : गोविंदसिंग, गुरू) धाकटे पुत्र जोरावरसिंग व फतेहसिंग यांना सरहिंदचा सुभेदार वजीरखान याने भिंतीत चिणून मारण्याचे फर्मान काढले, तेव्हा एरवी गुरूंविरुद्ध मोगल पक्षाकडून लढलेल्या येथील नवाब शेर मुहम्मदखानाने निरपराध बालकांच्या वधास उघड विरोध केला, आणि गुरूंनी त्याच्या वंशास आशीर्वाद दिला, अशी शीख परंपरा आहे. १९४७ मध्ये शेजारच्या पतियाळा व नाभा या शीख संस्थानांत (पहा : पतियाळा संस्थान) कत्तली चालू असता येथे मुसलमान निर्वासितांस आश्रय मिळाला, मात्र या अपवादाचे श्रेय केवळ त्या आशीर्वादाच्या स्मृतीस न देता, दरबारच्या बंदोबस्ताचाही विचार अभ्यासकांस करावा लागतो. १९४८ मध्ये पेप्सू या संस्थानी संघात (पहा : पेप्सू) व १९५६ मध्ये पंजाब राज्यात समाविष्ट झालेला हा मुलूख २०२१ पासून स्वतंत्र जिल्हा आहे.