हार पचविणारा वस्ताद

१९०० साली एकोणीस-वीस वर्षांचा एक जपानी तरुण लंडनला येऊन दाखल झाला. त्याचे नाव युकिओ तानी. चण अगदी लहान; आपल्याकडच्या तालमीत वस्तादाने त्याला प्रथम दूध प्यावयास सांगितले असते! बार्टन-राइट नावाच्या इंग्रज गृहस्थाने त्याला जुजुत्सू शिकविण्यासाठी बोलाविले होते. परंतु दोनेक वर्षांतच तो आखाडा बंद पडला आणि परक्या मुलखात पोटाचा प्रश्न उभा राहिला.

तेव्हा ‘अपोलो’ या नावाने ताकदीचे खेळ करणाऱ्या विल्यम बँकियरने त्याला नाट्यगृहाच्या रंगमंचावर उभे केले. जो ठराविक मिनिटे तानीपुढे टिकेल त्याला रोख इनाम! धिप्पाड गडी हसत हसत पुढे येत. आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती संपते. येथे तसे नव्हते. तानी कोपर वा गळा असा पकडी, की गड्याने जमिनीवर थाप मारून शरण यावे. या कुस्त्यांचा इतका बोलबाला झाला, की बर्नार्ड शॉने १९०५ च्या ‘मेजर बार्बरा’ नाटकात जपानी मल्लापुढे टिकून वीस पौंड मिळविणाऱ्या गड्याचा उल्लेख केला.

पण १९०४ मध्ये तारो मियाके हा त्याचाच देशबंधू आला आणि त्याने तानीला हरविले. दुसरा कोणी असता, तर उभा जन्म वैर धरून बसला असता. तानीने त्याच मियाकेबरोबर ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जुजुत्सूची शाळा काढली. १९०६ मध्ये दोघांनी मिळून पुस्तकही लिहिले.

पुढे १९१८ मध्ये गुंजी कोइझुमी यांनी लंडनमध्ये ‘बुदोकवाई’ ही संस्था स्थापिली आणि तानी तेथे शिक्षक झाला. १९२० साली ज्युदोचे जनक जिगोरो कानो तेथे आले. शेकडो कुस्त्या मारलेला हा चाळिशीचा वस्ताद त्यांच्यापुढे पुन्हा विद्यार्थी झाला. त्याने ज्युदो पत्करला आणि कानोंनी दिलेली दुसरी ‘दान’ पदवी मस्तकी धरली.

१९३७ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. अंगातील डाव गेले, विद्या मात्र उरली. चटईच्या कडेला बसून तो मुलांना शिकवीत राहिला. १९५० च्या जानेवारीत त्याने देह ठेविला.

रंगमंचावरील टाळ्या त्या रात्रीच विरल्या. चटईवर शिकविलेले मात्र शिष्यांच्या हातापायांत मुरले. जिंकणारे पुष्कळ असतात. हरल्यावर हरविणाऱ्याचाच हात धरून शाळा काढणारा विरळा!