माप कोणाच्या हाती? नागझिऱ्याभोवतीच्या चिल्लर व्यापाराची गोष्ट

१/ कायद्यातल्या एका यादीपासून आरंभ करू. ३१ मार्च १९५१ रोजी मध्य प्रदेशातील मालगुजारांचे हक्क सरकारकडे गेले. नागझिऱ्याचा परिसर तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा मध्य प्रदेशात. सरकारजमा झालेल्या गोष्टींच्या यादीत जंगल, झाडे, विहिरी, तलाव यांच्या जोडीला आणखी तीन शब्द होते : हाट, बाजार आणि मेळे.

२/ जमिनीच्या कायद्यात बाजार कसा आला? कारण बाजार हे उत्पन्नाचे साधन होते. माल विक्रेत्याचा, पैसा गिऱ्हाइकाचा; परंतु जागा मालगुजाराची, म्हणून तेथे पाल टाकणाऱ्याकडून वसुली त्याची. चिल्लर व्यापाराचे प्रकार ओळखायचे असतील तर प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत. जागा कोणाची? माप कोणाच्या हाती? हिशेब कोण लिहितो?

३/ पहिला प्रकार फिरत्या व्यापाराचा. रेल्वेपूर्व काळात मध्य भारताच्या अंतर्भागात मीठ पोहोचवणारे प्रमुख वाहक म्हणजे बंजारा तांडे. बैलांच्या पाठीवर मीठ यायचे, परतीला धान्य जायचे. या व्यापाऱ्याला दुकान नव्हते, त्यामुळे भाडेही नव्हते. मात्र तांडा पुन्हा केव्हा येईल, हे गिऱ्हाइकाच्या हाती नव्हते. मिठावाचून तर कोणाचेच चालत नाही.

४/ १८८० च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे लोहमार्ग गेला. तिरोडा आणि गोंदिया याच मार्गावर आहेत. मीठ वाघिणीतून येऊ लागले आणि तांड्यांचा जुना वाहतूक-व्यवसाय मोडला. पुढे जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग फुटल्यावर गोंदिया जंक्शन झाले. ठोक माल स्थानकावर उतरणार आणि तेथून चिल्लर विक्रीसाठी खेड्यांत जाणार, अशी नवी साखळी उभी राहिली.

५/ दुसरा प्रकार आठवडी बाजार. एका लहान गावाची मागणी कापड, भांडी वा मसाल्याचे दुकान रोज चालवण्यास पुरत नाही. म्हणून विक्रेताच आज या गावी, उद्या त्या गावी जातो आणि सात गावांची मागणी गोळा करून आपला आठवडा भरतो. विल्यम स्किनर या अभ्यासकाने १९६० च्या दशकात चीनमधील ग्रामीण बाजारांची अशीच चक्रे मांडून दाखवली. आपल्या झाडीपट्टीतला बाजारही त्याच गणितावर उभा आहे.

६/ बाजारात भाजीचे वाटे मांडलेले असतात. वाटा डोळ्यांना दिसतो. पटला तर घ्यावा, नाही तर पुढच्या पालाकडे जावे. धान्य आणि वनोपज मात्र पूर्वी पायलीने मोजले जाई आणि पायली भरणाऱ्याच्या हातावर बरेच काही अवलंबून असे. मोहफुले घेताना शीग लावून भरलेली पायली आणि देताना सपाट केलेली पायली, नावाला दोन्ही एकच! १९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. तो बदल केवळ शेराऐवजी किलो म्हणण्यापुरता नव्हता. मापाला व्यापाऱ्याबाहेरचा एक साक्षीदार मिळाला.

७/ तिसरा प्रकार गावातले किराणा दुकान. येथे मालाइतकाच वेळ विकला जातो. धानाची रोवणी झाली, कापणी दूर आहे आणि घरात पैसा नाही, अशा दिवसांत दुकानदार तेल-मीठ उधार देतो. हा मोठा आधार खराच. परंतु वही त्याची, अक्षर त्याचे, आणि घेणाऱ्याला वाचता येत नसेल तर बेरीजही त्याचीच. १९३४ च्या मध्य प्रांतातील सावकारी कायद्याने कर्जदाराचे खाते ठेवण्याचे बंधन सावकारावर घातले. उधारीच्या मालाचा भावच चढा लावला, तर ते व्याज मात्र कोणत्याही खात्यात वेगळे दिसत नाही.

८/ चौथा प्रकार रास्त भावाचे दुकान. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईत रुजलेली ही व्यवस्था. दुकानदार खाजगी, पण भाव, माप आणि माल सरकारने ठरवलेला. त्याला मिळते ते कमिशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. येथे गिऱ्हाईक प्रथमच हक्कदार म्हणून उभे राहिले. घासाघीस संपली, त्याबरोबर निवडही संपली.

९/ आता जंगलाकडे वळू. १९७० साली नागझिरा अभयारण्य झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. वन्यजीवांसाठी हे आवश्यक होते. परंतु मोहफुले, चारोळी घेऊन बाजारात जाणारा माणूस विक्रेताही असतो आणि गिऱ्हाईकही. त्याच्या गोळा करण्यावर निर्बंध आले की तो केवळ गिऱ्हाईक उरतो, आणि रिकाम्या हाताने आलेल्या गिऱ्हाइकाला उधारीची वही अधिक जवळची होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला, त्याचे महत्त्व या बाजूनेही पाहावे.

१०/ म्हणून चिल्लर व्यापार हा इतिहासाचा किरकोळ विषय नव्हे. राजे बदलले, प्रांत बदलले, १९९९ साली गोंदिया जिल्हाही वेगळा झाला. पण सामान्य माणसाने सत्ता अनुभवली ती बहुधा तराजूच्या समोर उभे राहून. तुमच्या घरी जुनी पायली असेल, आजोबांच्या दुकानाची उधारीची वही असेल, तर ती रद्दीत वा भंगारात देऊ नका. आजीला विचारा, बाजाराला जाताना ती काय घेऊन जाई आणि काय घेऊन परते. तिचे उत्तर तारीख घालून लिहून ठेवा. या विषयाची अर्धी साधने अजून घराघरांतच आहेत.