बातमी वर पोचेपर्यंत

धंद्यावर आलेल्या संकटांचा अभ्यास करायला निघालेला वाचक बहुधा एखाद्या खंबीर माणसाची गोष्ट ऐकून आलेला असतो. आपल्याकडे ती गोष्ट जवळजवळ ठरलेली आहे: 1924 साल आणि सर दोराबजी टाटा. पहिल्या महायुद्धातल्या मागणीच्या भरवशावर जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याचा मोठा विस्तार काढलेला, युद्धानंतर भाव कोसळलेले, 1923 च्या भूकंपाने जपानसारखे गिऱ्हाईक हातचे गेलेले, आणि अशात जमशेदपूरहून मुंबईला तार येते की कामगारांच्या पगाराला पैसे नाहीत. दोराबजींनी सुमारे एक कोटीची खाजगी मालमत्ता, त्यात पत्नी मेहेरबाईंचे दागिनेही, इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवून कर्ज उभे केले.

ही गोष्ट ऐकून ज्याला या विषयाची ओढ लागली त्याचे स्वागतच आहे. फक्त त्याने दागिन्यांपाशी थांबू नये. त्याच वर्षी केंद्रीय कायदेमंडळाने परदेशी पोलादावर संरक्षक जकात बसवणारा कायदा केला. ती जकात नसती तर, माझ्या मते, नुसत्या कर्जाने कारखाना फार दिवस तगला नसता. म्हणजे धैर्याला सरकारी धोरणाची जोड मिळाली. पण या गोष्टीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी वस्तू तिसरीच आहे, ती म्हणजे तार. तिजोरी रिकामी झाली आहे हे जमशेदपूरने झाकून न ठेवता मालकाला कळवले. ते आणखी दोन महिने दडवले गेले असते तर तारण ठेवायला कोण किती तयार आहे हा प्रश्नच उरला नसता.

पुढाऱ्याच्या धैर्यावर भरपूर लिहिले जाते. वाईट बातमी खालून वर कशी येते, कुठे अडते, कोण अडवते, यावर त्या मानाने कमी. या शास्त्राचा गाभा तिथेच आहे असे मी मानतो, आणि पुढची पाने वाचताना वाचकाने हा माझा कल ध्यानात ठेवावा.

शास्त्र म्हणून याचे वय फार नाही. चार्ल्स हर्मन यांनी 1963 मध्ये संस्थेवरच्या संकटाच्या तीन खुणा सांगितल्या: मुख्य उद्दिष्टांनाच धोका, निर्णयाला अपुरा वेळ आणि अनपेक्षितपणा. पाठ्यपुस्तकांत ही व्याख्या अजून भेटते. पहिल्या दोन खुणांबद्दल माझी तक्रार नाही. तिसरीपाशी मात्र विचारावेसे वाटते, अनपेक्षित कोणाला?

भोपाळचे उदाहरण घ्या. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्याबद्दल राजकुमार केसवानी हे स्थानिक पत्रकार 1982 पासून धोक्याचे लिहीत होते. त्याच वर्षी कंपनीच्या अमेरिकेहून आलेल्या तपासणी पथकाने सुरक्षेतल्या उणिवांची यादी दिली होती. खर्च कमी करण्यासाठी मिथिल आयसोसायनेट विभागातले प्रत्येक पाळीचे कामगार बारावरून सहावर आले, टाकीतले ते द्रवरूप रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद केली गेली. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती आहे हे त्यांनी वरिष्ठाला सांगितले. चहाची सुट्टी झाली की बघू, असे ठरले. डोळे चुरचुरणे तिथे इतके रोजचे झाले होते की त्यात घाबरण्यासारखे कोणाला काही वाटले नाही. चहा झाला, आणि टाकीतला दाब तोवर काट्याच्या शेवटच्या आकड्याकडे धावत सुटला होता. पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. यात अनपेक्षित असे होते तरी काय, आणि कोणाला?

चार्ल्स पेरो यांचा ‘नॉर्मल अॅक्सिडेंट्स’ हा ग्रंथ त्याच 1984 सालचा. त्यांचे म्हणणे असे की काही यंत्रणा इतक्या गुंतागुंतीच्या आणि एकमेकींना इतक्या घट्ट जखडलेल्या असतात की त्यांत अपघात होणारच. माणूस बदलून भागत नाही. पॉल श्रीवास्तव यांनी 1987 च्या आपल्या पुस्तकात भोपाळची उकल करताना यंत्राच्या जोडीला व्यवस्थापन आणि आसपासची वस्तीही हिशेबात धरली. कार्ल वाइक यांनी 1988 मध्ये त्याच घटनेकडे आणखी वेगळे पाहिले: आपण कोणत्या परिस्थितीत आहोत याचा अर्थ माणसे हाताला येईल ती कृती करत करत लावतात, आणि त्या कृतीच पुढचे संकट घडवतात. पेरो खरे की वाइक, हा वाद मिटलेला नाही. मिटावा अशी घाईही नाही. नव्या विद्यार्थ्याने दोघांना एकाच आठवड्यात वाचावे, म्हणजे दोघांपैकी कोणाचाही भक्त होण्याचा धोका टळतो.

व्यवस्थापनाच्या वर्गात मात्र भोपाळपेक्षा टायलेनॉल जास्त शिकवले जाते. त्याचे कारण उघड आहे, तिथे शेवट गोड आहे. 1982 च्या सप्टेंबरअखेर शिकागो परिसरात कोणीतरी टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरले. सात जण दगावले. जॉन्सन अँड जॉन्सनचे प्रमुख जेम्स बर्क यांनी देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या. किरकोळ भावाने तो माल दहा कोटी डॉलरच्या वर होता. नवे, उघडल्यास लगेच कळेल असे वेष्टन आणून काही महिन्यांत बाजारही बराचसा परत मिळवला. बर्क यांचे कौतुक करताना एक गोष्ट सुटते. कंपनीची 1943 पासूनची एक तत्त्वसंहिता भिंतीवर लटकत होती. त्यांनी सत्तरच्या दशकातच वरच्या अधिकाऱ्यांना एकत्र बसवून विचारले होते की, ही खरोखर पाळायची आहे की उतरवून ठेवायची? त्यामुळे 1982 मध्ये गिऱ्हाईक आधी की भागधारक आधी यावर नव्याने भांडायची वेळ आली नाही.

आणि तरीही, त्याच समूहातल्या एका कंपनीने पुढे मॉट्रिन या सदोष औषधाच्या पुड्या दुकानांतून गुपचूप, माणसे पाठवून विकत घेतल्या. 2010 मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे ते उघड झाले. चांगली सवय संस्थेला एकदा लागली की कायमची टिकते, असे कोणी सांगितले तर त्याला हे प्रकरण दाखवावे.

कधी बातमी दाबणारा माणूस सर्वांत वरच बसलेला असतो. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यमच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून हिशेबातली लबाडी कबूल केली, तेव्हा खालच्या हजारो अभियंत्यांनी कोणाला काय कळवायचे होते? सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून नवे नेमले आणि एप्रिलमध्ये कंपनी टेक महिंद्राकडे गेली. इथे नेतृत्व बाहेरून आणावे लागले, हा प्रकार आपल्या पाठ्यपुस्तकांनी अजून पुरेसा पचवलेला नाही.

तुमच्या लक्षात आलेच असेल की वरची सगळी नावे बड्या कंपन्यांची आहेत. त्यांची दप्तरे असतात, चरित्रे निघतात, चौकशी आयोगांचे अहवाल छापले जातात. छोट्या धंद्याचे तसे नाही. इचलकरंजीचा बारा मागांचा मालक घ्या. नोव्हेंबर 2016 मध्ये रोख आटली तेव्हा त्याने आठवड्याचा पगार कसा भागवला, मार्च 2020 मध्ये गावी निघालेल्या कामगारांपैकी कोणाला थांबवले, सुताच्या व्यापाऱ्याने उधारी किती दिवस वाढवली, हे कुठल्या केस स्टडीत फारसे सापडत नाही. ते आहे त्याच्या वहीत, फोनवरच्या मेसेजांत आणि त्याच्या मुनिमाच्या डोक्यात. मराठी वाचणाऱ्या आणि त्या माणसांच्या ओट्यावर बसू शकणाऱ्या अभ्यासकाला इथे शिकागोपेक्षा मोठे काम पडले आहे. वह्या रद्दीत जायच्या आत ते सुरू करावे लागेल.